लाइट आली होती, इन्व्हर्टरला पत्ता नव्हता

२००९च्या मे महिन्यातली ही केस. जळगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधून फोन आला: "भाऊ, इन्व्हर्टरच्या नवीन बॅटऱ्या दीड तासात बसतात. दुकानदार बदलून द्यायला तयार आहे, तुम्ही फक्त खराब आहेत असं लिहून द्या." वर्षभरात त्यांची बॅटऱ्यांची ही दुसरी खेप होती. पहिल्या वेळी १२ व्होल्टची एकच बॅटरी होती. ती गेल्यावर २४ व्होल्टचा साइनवेव्ह (घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर घेऊन त्याला १५० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक, जोडल्या होत्या. तरी रडगाणं तेच.

त्या वेळी महावितरणने वीजगळती आणि बिलवसुलीवरून फीडरचे, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाइनींचे, गट पाडले होते. गळती जास्त तिथे भारनियमन जास्त. या लॅबच्या फीडरला सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ असे दोन टप्पे होते. मी आधी कागदावर हिशेब मांडला. संगणक १३० वॅट, तपासणीचं यंत्र म्हणजे अॅनालायझर ५०, चोकवाल्या दोन ट्यूब १००, पंखा ७०. एकूण ३५० वॅट. इन्व्हर्टरमधली घट धरून बॅटरीतून साधारण १८ अँपिअर जाणार, म्हणजे तीन तासांत ५४ एएच. १५० मधले ५४ गेले तर काही बिघडत नाही. ते परत भरायला वीसएक टक्के जास्तीचे, म्हणजे ६५ एएच लागतात. चार्जर १५ अँपिअरचा आहे आणि शेवटी शेवटी करंट कमी होत जातो, तेव्हा पाच-सहा तास धरा. दोन टप्प्यांच्या मधे सहा तास मिळतात, रात्री बारा. कागदावर सगळं जमत होतं.

म्हणून अॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर काढला. ही घनता म्हणजे ग्रॅव्हिटी, बॅटरी जितकी भरलेली तितकी ती जास्त. बॅटऱ्या जिन्याखाली कोंदट जागेत, अॅसिडचं तापमान ४२ अंश. बाराही सेलची ग्रॅव्हिटी ११७० च्या आसपास. २७ अंशांच्या वर दर दीड अंशाला साधारण एक पॉइंट वाढवायचा, म्हणजे खरी ११८०. पूर्ण चार्जला १२४० हवी. इथे एक गोष्ट पाहायची असते आणि बहुतेक जण तीच पाहत नाहीत. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ३० पॉइंटनी खाली असेल तर बॅटरीत दोष. सगळे सेल सारखेच खाली असतील तर बॅटरीचा गुन्हा नाही, तिला पोटभर मिळत नाही. नुकतंच डिस्टिल्ड वॉटर टाकलं असेल तर हे रीडिंग घेऊच नये. पाणी वरच तरंगतं आणि आकडा खोटा येतो. ते टाकलेलं नाही, हे आधी विचारून घेतलं होतं.

मग चार्जिंग कुठे मुरतंय? मी अकरा वाजेपर्यंत थांबलो. लाइट आली, वेटिंग रूममधला कूलर फिरायला लागला, बाहेरच्या ट्यूबा फडफडत पेटल्या. लॅबमधली मुलगी म्हणाली, "आली लाइट." तिच्या दृष्टीने विषय संपला. जिन्याखाली वाकून पाहिलं तर इन्व्हर्टर अजून गुणगुणत होता, बाहेरची लाइट घेतल्याचा हिरवा दिवा बंद, बॅटरीवर चालल्याचा लाल चालू. बॅटरीच्या वायरला डीसी क्लॅम्प (वायरभोवती धरून करंट मोजायचा मीटर) लावला: १८ अँपिअर, तेही बाहेर जाणारे. (साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो. या कामाला डीसीचाच लागतो.) सॉकेटवर मीटर लावला: १६८ व्होल्ट.

इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा सरकता स्विच असतो, यूपीएस आणि नॉर्मल. तो यूपीएसवर होता. या मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच्या आतलीच लाइट मान्य करतो. १८० च्या खाली गेली की त्याच्या लेखी लाइट नाही, आणि एकदा सोडली की परत घ्यायला दहाएक व्होल्ट वर जावी लागते. नॉर्मलला हीच रेंज १०० ते २९० असते. संगणक रीस्टार्ट होऊ नये म्हणून बसवणाऱ्याने यूपीएस ठेवला होता. त्यात चूक नव्हती, पण व्होल्टेज कोणी मोजलं नव्हतं.

मी दर अर्ध्या तासाने मोजत राहिलो. दीडच्या सुमाराला १९० ओलांडले तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. म्हणजे भारनियमन तीन तासांचं, पण बॅटरी साडेपाच तास राबत होती. सकाळीच शंभर एएच जायचे आणि पाच वाजेपर्यंत जेमतेम ४५-५० परत यायचे. रात्री आठनंतरही तोच प्रकार. रोज थोडी उधारी राहायची, बॅटरीतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर जमत जायचा, आणि बॅटरी दीड तासावर यायची.

व्होल्टेज का पडतं, तर तीन तास बंद असलेले सगळे फ्रिज, कूलर, एसी एका दमात सुरू होतात आणि वर गल्लीतले सगळे इन्व्हर्टर चार्जिंगला लागतात. या लॅबचाच हिशेब करा: तीन तासांत वापर एक युनिटचा, पण बॅटरी भरून काढायला भिंतीतून दोन युनिटच्या वर ओढली जातात. अशी चाळीस-पन्नास दुकानं एकाच ट्रान्सफॉर्मरवर असली की अकरा वाजता काय होणार ते दिसतंच. भारनियमनात वाचवलेल्या विजेतली बरीचशी अशी मागल्या दाराने परत जात होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुरुस्ती फार खर्चाची नव्हती. स्विच नॉर्मलवर घेतला. १६८ व्होल्टला चार्जर पूर्ण १५ अँपिअर देत नाही, ९-१० दिले, पण बाहेर जाणारे आत यायला लागले. नॉर्मलमध्ये लाइट जाताना बदलायला क्षणभर जास्त लागतो, म्हणून संगणक आणि अॅनालायझरला ६०० व्हीएचा वेगळा छोटा यूपीएस दिला. व्होल्टेज १४० पर्यंत उतरलं तरी तो स्वतःच ते वाढवून घेतो. इन्व्हर्टर साइनवेव्ह असल्यानेच हे चाललं. स्क्वेअर वेव्हच्या मागे असे छोटे यूपीएस बऱ्याचदा लाइट घेतच नाहीत, टकटक करत बसतात.

मग बिल्डिंगच्या मीटर बोर्डावर तिन्ही फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन वेगळ्या तारा, पाहिले: १६८, १९१, २०४. सगळी दुकानं पहिल्या फेजवर. लायसनवाल्या वायरमनकडून लॅब तिसऱ्यावर घेतली. फेज बदलायचा गोल स्विच ज्यांच्या घरी आहे त्यांना हा उपाय माहीत असतो. अडचण एवढीच की सगळे चांगल्या फेजवर पळाले की तो तासाभरात वाईट होतो. आणि फेजवरचा लोड असा एकांगी असताना न्यूट्रल (तिघांची सामाईक परतीची तार) ढिला झाला, तर हलक्या फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज जाऊन उपकरणं जळतात. न्यूट्रलचे स्क्रू तेव्हाच आवळून घेतले.

फ्रिज इन्व्हर्टरवर घेऊ नका असं लॅबच्या मॅडमना सांगितलं. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो. रिएजंट (तपासणीची रसायनं) २ ते ८ अंशांत राहिले पाहिजेत, त्यासाठी फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या, भारनियमनाच्या आधी दोन-तीन खालच्या कप्प्यात आणायच्या, पण रिएजंटला चिकटवायच्या नाहीत. ते गोठता कामा नयेत. तीन तास दार बंद, आत थर्मामीटर. फ्रिजच्या स्टॅबिलायझरला तीन मिनिटांचा डिले हवाच, म्हणजे लाइट आल्यावर तेवढं थांबून तो फ्रिज सुरू करतो.

रविवारी लॅब बंद ठेवून बॅटऱ्या लोडशिवाय चार्जिंगला सोडल्या. चार्जरचा बॅटरी निवडायचा स्विच ट्यूब्युलरवर आहे ना, तेही पाहिलं. सोमवारी सकाळी ग्रॅव्हिटी १२२५, पुढच्या आठवड्यात १२३५. सल्फेट कडक व्हायच्या आत सापडल्या म्हणून वाचल्या. सहा महिने अशाच गेल्या असत्या तर कितीही चार्ज करून आकडा वर आला नसता. बदलीचा कागद लिहिला नाही. जळगावच्या उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाणी बघायला सांगितलं: फक्त डिस्टिल्ड, अॅसिड कधीच नाही.

निघताना मागच्या स्विचवर इन्सुलेशन टेप चिकटवून वर पेनाने तारीख टाकली. नाहीतर पुढच्या वेळी संगणक रीस्टार्ट झाला की कोणीतरी तो परत यूपीएसवर सरकवणार, हे ठरलेलं.