तुम्ही विचारलंत म्हणून : आधी किनारा, मग खोली

कपाशीची उलंगवाडी झाली, तूर विकून चार पैसे हाती आले की आमच्या दारव्ह्याच्या बाजूच्या खेड्यांतून मला फोन यायला लागतात. "काकू, अंदमानले चाललो. कुठं राहाचं ते सांगा ना." यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं पोर्ट ब्लेअरला काढली, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. काही जण घरीच येतात आणि मोबाईल पुढे करतात. त्यावर खोलीचा फोटो असतो : पांढराशुभ्र पलंग, पलंगावर टॉवेलचे दोन हंस, खिडकीत निळंशार पाणी. "हे घेऊ का ते घेऊ? समुद्र खिडकीतून दिसला पायजे, बस."

मी खोलीकडे बघत नाही. मी विचारते, हे हॉटेल बेटाच्या पूर्वेच्या अंगाला आहे की पश्चिमेच्या? तुमच्या तारखांना तिथी कोणती आहे? आणि सोबत कोण कोण आहे? आधी किनारा ठरवायचा, खोली त्यानंतर. समुद्र पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाला हे कोणी सांगत नाही, आणि पैसे तर त्याचेच सगळ्यात कष्टाचे असतात.

नावांचा गोंधळ आधी मिटवते, कारण तिकिटावर भलतंच नाव बघून लोक घाबरतात. हॅवलॉक बेटाचं २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, नील बेटाचं शहीद द्वीप, आणि २०२४ मध्ये राजधानी पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. जुनी नावं अजून सगळ्यांच्या तोंडी आहेत, म्हणून मीही तीच वापरते. पाहुण्यांचे मुक्काम बहुतेक या तीन ठिकाणीच होतात.

हॅवलॉक पोर्ट ब्लेअरपासून चाळीसेक किलोमीटरवर. खाजगी जहाजाने दीड तास लागतो, सरकारी बोटीने अडीचच्या आसपास. जेट्टीवरून गोविंदनगरच्या बाजारात आलं की रस्ता फुटतो. एक फाटा पूर्वेच्या किनाऱ्याने विजयनगर करत कालापत्थरला जातो, दुसरा बेट ओलांडून पश्चिमेला राधानगरला. बहुतेक हॉटेलं पूर्वेच्या फाट्यावर आहेत. बाजार जवळ, जेवायच्या जागा जवळ, खिशाला परवडतील अशा झोपड्यांपासून भारी रिसॉर्टपर्यंत सगळं तिथेच. जाहिरातीत "समुद्राला लागून" लिहिलेलं असतं, आणि ते खरंही असतं.

पण तो समुद्र उथळ आहे. ओहोटीच्या वेळी विजयनगरला जाऊन उभं राहा. सकाळी ज्या माडाच्या मुळांना लाटा लागत होत्या, तिथून पाणी सरकत सरकत पार लांब गेलेलं असतं. मागे उरते ओली वाळू, मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे, शेवाळलेले खडक, डबक्यांत अडकलेले बोटभर मासे. वाळूत बारीक बारीक भोकं, आणि प्रत्येक भोकाभोवती इवल्या खेकड्यांनी टाकलेल्या मोहरीएवढ्या गोळ्या. होड्या एका कुशीवर कललेल्या. मी त्या ओल्या वाळूत किती दुपारी काढल्या असतील, सांगता येणार नाही. मात्र पोहायला ती जागा नव्हे. आमच्या गावातलं एक कुटुंब लेकरांसाठी बादल्या, हवेचे टायर घेऊन मोठ्या हौसेने दुपारी उतरलं, तर पाणी घोट्याएवढं. खोल पाणी शोधत पुढे गेले आणि पोराचा तळवा प्रवाळाने कापला. हॉटेलवाला खोटं काही बोलला नव्हता. समुद्र समोरच होता, फोटो तेवढा भरतीचा होता.

हे गणित आपल्याला अवघड जायचं कारण नाही. दिवसाकाठी साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, आणि संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघणाऱ्या बायकांना हे मी काय सांगावं. भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून त्या सुमारास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. कोकणात त्याला उधाण म्हणतात. पोर्ट ब्लेअरला उधाणात भरती आणि ओहोटीच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते. तेव्हा पाणी कमी चढतं, कमी उतरतं. एखादा दिवस मागेपुढे होतो, तेवढा सोडून द्या.

म्हणून पूर्वेच्या अंगाला राहायचं असेल आणि सोबत लेकरं असतील, तर भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि अष्टमीच्या अलीकडे-पलीकडचे दिवस बघा. ओहोटीत उघडे पडणारे खडक, त्यातले जीव बघायची हौस असेल, तर उलट पौर्णिमा-अमावस्या गाठा. भरती-ओहोटीच्या नेमक्या वेळा मोबाईलवर मिळतात, आणि तिथल्या होडीवाल्यांना तर तोंडपाठ असतात. हॉटेलवाल्याला फोनवर थेट विचारा : "आम्ही येऊ त्या दिवसांत तुमच्यासमोर पोहण्याजोगं पाणी किती ते किती वाजेपर्यंत असतं?" प्रामाणिक माणूस लगेच सांगतो.

पश्चिमेचं राधानगर वेगळं आहे. जेट्टीपासून बारा किलोमीटर. लांबच लांब पांढरी, मऊ वाळू, पायाखाली प्रवाळ नाही, उतार सावकाश; ओहोटीतही अंग भिजवण्याएवढं पाणी मिळतं. टाइम मासिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, आणि २०२० मध्ये स्वच्छता-सुरक्षिततेचं ब्लू फ्लॅग मानांकनही मिळालं. वाळूच्या मागे उंच झाडांची दाट रांग आहे. त्यातल्या एका झाडाला तिथे सी-महुआ म्हणतात, ते आपल्या मोहाच्याच कुळातलं. सूर्य थेट समुद्रात बुडताना दिसतो तो इथे. मात्र राहायच्या जागा मोजक्या, त्यातल्या काही तर आपल्या अख्ख्या हंगामाचे पैसे मागणाऱ्या, आणि रात्री नऊ वाजता लेकरू दूध मागायला लागलं तर पायी जाण्यासारखा बाजार नाही.

घरच्या माणसांसोबत जाणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते : मुक्काम गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला करा आणि राधानगरला रोज जा. बस आहे, ऑटो आहे, गाडी भाड्याने मिळते. दुपारी तीनच्या आत पोहोचा. हे का, तर अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र एकच. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या पुढे दिवस मावळतो, तिथे पाचच्या सुमारासच. चार वाजता खोलीतून निघालेली माणसं अंधारात परत येतात आणि म्हणतात, काहीच दिसलं नाही. सकाळ तशीच लवकर होते, साडेपाचलाच उजाडायला लागतं.

यावरूनच खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राचं सांगायचं आहे. तरण्या माणसांनी त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. दिवसभर तुम्ही बाहेर असणार, संध्याकाळी सहाला खिडकीत काळोख असणार. एक रांग मागची खोली घ्या आणि वाचलेल्या पैशांत होडीने एलिफंट बीचला जाऊन पाण्याखालचं प्रवाळ बघून या. पण सोबत अशी एखादी आजी असेल, जिचे गुडघे वाळूत चालू देत नाहीत, जिने आयुष्यभर निंदण-खुरपण केलं आणि धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलं नाही, तर तिच्यासाठी हात आखडू नका. पूर्वेच्या अंगाची, तळमजल्याची, पुढे ओसरी असलेली खोली घ्या, आणि सकाळी भरती असेल अशा तारखा निवडा. खुर्ची टाकून दिली की सूर्य पाण्यातून वर येताना तिला जागेवरून दिसतो. फोटोतल्या त्या महागड्या खोलीचा खरा उपयोग मला एवढाच वाटतो, आणि त्या आजीसाठी तो फार मोठा आहे.

नीलकडे लोक अर्धा दिवस जाऊन येतात, याचं मला वाईट वाटतं. शेतकरी माणसाला हॅवलॉकपेक्षा नील जास्त मानवेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाचेक किलोमीटरचं बेट. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं तिथे वसवली गेली. ती भात आणि भाजीपाला पिकवतात, आणि त्यांची भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. रस्त्याच्या एका बाजूला धानाची बांधी, दुसऱ्या बाजूला सुपारीची बाग, आणि शेवटी समुद्र. आमचे पाहुणे तिथल्या बांधावर उभे राहून वांग्याचा भाव विचारत बसायचे. भरतपूरचा किनारा जेट्टीला लागूनच आहे, म्हणजे वयस्कर माणसांना सामान घेऊन फार फिरावं लागत नाही. सूर्यास्ताला लक्ष्मणपूर, सूर्योदयाला सीतापूर, आणि कुठूनही कुठे सायकलने जाता येतं. दगडाची नैसर्गिक कमान बघायला मात्र ओहोटीच लागते, आणि वाट निसरड्या खडकांतून आहे; म्हाताऱ्यांना तिथे ओढत नेऊ नका. हॉटेलं साधी असतात, रात्री आठनंतर सामसूम. दोन रात्री तरी राहा.

पोर्ट ब्लेअरला समुद्रकिनाऱ्यासाठी राहायचं नाही. तिथे राहायचं सेल्युलर जेलसाठी आणि विमान-बोटीच्या सोयीसाठी. १९०६ मध्ये पुरं झालेलं ते जेल, १९११ ते १९२१ या काळात सावरकर होते ती कोठडी, रात्रीचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम, हे सगळं घाई न करता बघा. अबर्डीन बाजाराजवळची साधी, स्वच्छ खोली पुरते. पॅकेजवाले बरेचदा चार रात्री पोर्ट ब्लेअरला ठेवतात आणि हॅवलॉकला सकाळी नेऊन संध्याकाळी आणतात. त्यांना ते स्वस्त पडतं, तुमचा दिवस जहाजात जातो. पॅकेज घ्या, बिनधास्त घ्या, पण कोणत्या बेटावर किती रात्री, ते कागदावर लिहून घ्या. एक गोष्ट मात्र मी कोणालाच सोडू देत नाही : परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

हंगामाचं तर आपल्याला सगळ्यांच्या आधी कळायला हवं. मे महिन्यात पेरणीच्या चिंतेत आपण बातम्या लावतो, तेव्हा "मान्सून अंदमानात दाखल" हे ऐकायलाच कान टवकारलेले असतात. तो आपल्यासाठी शुभशकुन असतो; अंदमानात उतरलेल्या पाहुण्यासाठी मात्र पुढचे चार महिने पावसाचे आणि खवळलेल्या समुद्राचे. राधानगरच्या बाजूला तेव्हा लाटा फार जोरात असतात. दिवाळी आणि नाताळात भाव चढलेले असतात, नोव्हेंबर-डिसेंबरात मधूनच पाऊसही येतो. माझ्या मते जानेवारी संपताना ते मार्च हा काळ उत्तम, आणि आपली शेतीची कामंही तेव्हाच उरकलेली असतात.

आता काळजीचं बोलते. आपली पोरं विहिरीत उड्या मारून पोहायला शिकतात, त्यामुळे पाण्याची भीती नसते. विहिरीचं पाणी ओढत नाही. समुद्राची परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते आणि पोहणाऱ्यालाही आत खेचते. जीवरक्षक असेल तिथेच उतरा, त्याने शिट्टी वाजवली की वाद न घालता बाहेर या. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला एका परदेशी पाहुणीचा त्यात जीव गेला. खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाच्या जवळ, मगरीची पाटी असेल तिथे पाय धुवायलाही उतरू नका. हॉटेल निवडताना म्हणूनच विचारा, की समोरच्या पाण्यात उतरायला परवानगी आहे का, आणि जीवरक्षक सगळ्यात जवळ कुठे आहे. संध्याकाळी वाळूवर बसलात तर वाळूमाश्या चावतात, खाज दिवसेंदिवस जात नाही. लेकरांना पूर्ण पायजमे घाला. आणि शंख-प्रवाळ पिशवीत घालून आणू नका, प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर सामान उघडलं जातं.

पैसे भरण्याआधी फोनवर आणखी एवढं विचारून घ्या. वीज गेली तर जनरेटर रात्रभर चालतो का. आंघोळीला गोडं पाणी पुरेसं मिळतं का. बेटावर चारी बाजूंनी पाणी असलं तरी गोड्याची चणचण असते, आणि मार्चनंतर जास्तच. शाकाहारी असाल तर स्वयंपाक वेगळा होतो का, कारण बंगाली घरात मासळी रोजचीच. आजी-आजोबा असतील तर संडास पाश्चात्त्य पद्धतीचा आहे ना, आणि खोलीपर्यंत पायऱ्या किती. उत्तरं वहीत लिहून ठेवा, आणि माझ्याकडे याल तेव्हा मोबाईलबरोबर ती वहीही आणा.