बेंबीवालं संत्रं

जेवण झालं आणि संत्रं सोलायला घेतलं. म्हणजे अर्धी दुपार गेलीच. मला फोडीवर एकही पांढरा दोरा चालत नाही. घरचे म्हणतात, संत्रं खातेयस की स्वेटर उसवतेयस? आजी तर चिडायचीच, ‘अगं, सगळा गुण त्या दोऱ्यांतच असतो.’ पुढे कळलं, चीनमध्ये संत्र्याची साल औषधात वापरतात आणि ते दोरेसुद्धा वाळवून निराळे विकतात. म्हणजे चाळीस वर्षं मी औषध केरात टाकतेय.

आजचं फळ बेंबीवालं होतं, म्हणजे तळाला बेंबीसारखी खूण असलेलं ‘नेव्हल’ जातीचं. आमच्या लहानपणी ही भानगड नव्हती. नागपुरी संत्र्यात कधीतरी दोन फोडींच्या मध्ये एक एवढुशी फोड दडलेली सापडायची, ते ‘पिल्लू’. पिल्लासाठी भावाशी मारामारी, आणि हरणाऱ्याने साल पिळून जिंकणाऱ्याच्या डोळ्यात फवारा मारायचा, हा नियम. या बेंबीत तर आख्खं बाळसंत्रंच बसलेलं असतं. बी मात्र नाही. बी गिळली तर पोटात झाड उगवेल, ही धास्तीच गेली. सगळा वंश कलमांवर.

या बेंबीवाल्यांचं एक आगर चीनमध्ये यांगत्से नदीकाठी आहे, झिग्वी. डोंगरउतारावर बागा, खाली नदी. हिवाळ्यात ‘न्यूहॉल’ उतरतं, ते मूळ कॅलिफोर्नियाचं. मग ‘लेन लेट’, ऑस्ट्रेलियाचं. बिनबेंबीचीही आहेत: लाल गराचं ‘तारोक्को’ इटलीचं. उन्हाळ्यात ‘व्हॅलेन्सिया’, नाव स्पेनमधलं. आणि डच लोक संत्र्याला काय म्हणतात? चिनी सफरचंद! म्हणजे संत्रं मुळात चीनचंच. लेक सासरी गेली आणि नातवंडं परक्या आडनावांनी आजोळी राहायला आली, तसं काहीसं.

गंमत अशी की च्यू युआन हा जुना कवी, सुमारे 2300 वर्षांपूर्वीचा, याच झिग्वीचा मानतात. त्याच्या नावावर संत्र्याच्या झाडाचं एक स्तोत्र आहे. कौतुक कशाचं, तर हे झाड आपली दक्षिणेची माती सोडून जात नाही. स्वतः कवीला मात्र राजानं हद्दपार केलं आणि शेवटी त्यानं नदीत जीव दिला.

मग तिथे धरण आलं, थ्री गॉर्जेस. पाणी समुद्रसपाटीपासून 175 मीटरपर्यंत चढलं. 12 लाखांहून जास्त माणसं धरणग्रस्त झाली. झिग्वीचं जुनं गाव बुडालं, नवं दुसरीकडे वसवलं. खुद्द कवीचं देऊळ उचलून नव्या जागी नेलं. वरच्या उतारांवर न्यूहॉलची कलमं लागली.

खालच्या जुन्या बागा तेवढ्या जागच्या जागी राहिल्या, पाण्याखाली.