आमची वाटचाल: अर्जाआधीचं काम आणि अर्जानंतरचं काम

ठाण्यातली आमची छोटी फर्म चित्रकार, शिल्पकार, मूर्तिकार आणि लोककलावंतांना अनुदानं मिळवण्यासाठी आणि मिळालेलं अनुदान नीट वापरण्यासाठी मदत करते. सुरुवातीला कामाचं स्वरूप साधं होतं: कलावंताने माहिती द्यायची, आम्ही अर्ज लिहायचा. आता लिहिण्याला सगळ्यात कमी वेळ लागतो. फोटो, कामांची नोंदवही, किंमतपत्रक, बँकेचे कागद ही आधीची तयारी आणि पैसे आल्यानंतरचा हिशेब यांतच आमचा बहुतेक दिवस जातो.

असं होण्याचं कारण पैशाच्या आकारात आहे. पन्नास-साठ हजारांच्या अनुदानावर कलावंताचं वर्ष निघत नाही, पण धंद्यातली एखादी अडचण मात्र त्यातून कायमची सुटू शकते. म्हणून ‘कोणतं अनुदान मिळेल?’ या प्रश्नाआधी आम्ही विचारतो की विक्री नेमकी कुठे अडते. कामं चांगली आहेत, पण फोटो धड नाहीत. फोटो आहेत, पण किंमत विचारली की दर वेळी वेगळा आकडा सांगितला जातो. ऑर्डर येते, पण बिल देता येत नाही. यातली एक अडचण निवडायची आणि अर्ज तिच्याभोवती बांधायचा.

भारतातल्या योजना पाहिल्या तर अशा कामासाठी थेट पैसे देणाऱ्या फार कमी आहेत, हे कलावंताला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयोगटासाठी आहे: महिना ₹5,000, दोन वर्षं. त्याच मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप महिना ₹10,000 आणि वरिष्ठ फेलोशिप महिना ₹20,000, दोन्ही दोन वर्षांच्या. हे पैसे सहामाही हप्त्यांनी येतात आणि अहवाल वेळेत गेला नाही तर पुढचा हप्ता अडतो. या योजना शिक्षण, साधना आणि संशोधनासाठी आहेत. त्यात वेबसाइटचा खर्च घुसवला की परीक्षकाला अर्जदाराने योजना वाचलीच नाही असं वाटतं, आणि ते बरोबरच असतं. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था 1995 पासून अनुदानं देते आणि भारतीय भाषांतले प्रस्ताव स्वीकारते. मराठीत विचार करणाऱ्या कलावंताने तिथे मराठीतच लिहावं, असा आमचा आग्रह असतो. ओढूनताणून केलेल्या इंग्रजीत कामाचा जीव जातो.

पारंपरिक कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 18 व्यवसाय आहेत. मूर्तिकार, पाथरवट, कुंभार, खेळणी बनवणारे त्यात येतात. चित्रकार येत नाहीत. मूलभूत प्रशिक्षणात दिवसाला ₹500 विद्यावेतन, अवजारांसाठी ₹15,000 चं ई-व्हाउचर, आणि 5 टक्के व्याजाने आधी ₹1 लाख व नंतर ₹2 लाखांपर्यंत कर्ज मिळतं. यातलं अनुदान म्हणावं असं फक्त व्हाउचर. कर्ज हे कर्जच. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, त्यामुळे कुणाच्या नावे अर्ज करायचा हे घरात आधी ठरवा. पेणच्या गणपती कारखानदाराला आम्ही आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. पहिलं कर्ज 18 महिन्यांत फेडायचं असतं आणि हप्ता दर महिन्याला जातो. मूर्तींचा पैसा मात्र श्रावण-भाद्रपदात येतो. कर्ज घेतानाच सहा-सात हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली नाही तर माघ-फाल्गुनात ओढाताण होते.

परदेशातल्या मराठी कलावंतांसाठी चित्र वेगळं आहे. आर्ट्स काउन्सिल इंग्लंडची ‘डेव्हलपिंग युअर क्रिएटिव्ह प्रॅक्टिस’ ही योजना £2,000 ते £12,000 देते, तीही कलावंताच्या पुढच्या टप्प्यासाठी. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याची क्रिएटिव्ह आंत्रप्रिन्युअर ॲक्सिलरेटर योजना $2,000 पर्यंत देते आणि अर्जाआधी व्यवसाय-सल्ला घ्यायला लावते. ही अट आम्हाला फार मोलाची वाटते. आमचं सगळं कामही त्याच क्रमाने बसवलं आहे: आधी सल्ला आणि मग अर्ज.

आता तयारीबद्दल. परीक्षक मूळ चित्र बघत नाही, फोटो बघतो. चित्र भिंतीवर सरळ टांगावं, कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स चित्राच्या बरोबर मध्यासमोर आणि सेन्सर चित्राला समांतर. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी 45 अंशांत. कॅमेऱ्याची सेटिंग अशी: आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8 च्या आसपास. खोलीतला ट्यूबलाइट बंद, खिडकीचा पडदा बंद. दोन प्रकारचे उजेड मिसळले की पांढरा रंग एकीकडे पिवळट आणि दुसरीकडे निळसर येतो. पहिल्या फोटोत चित्राशेजारी ठरावीक रंग छापलेली रंगपट्टी धरावी, म्हणजे नंतर रंग जुळवता येतात. वार्निश लावलेल्या तैलचित्रावर चकाकी येत असेल तर दिव्यांवर चकाकी कापणारी पोलराइझिंग फिल्म आणि लेन्सवर तसाच फिल्टर (पोलराइझर), दोन्ही लागतात. एकाने भागत नाही. काचेच्या फ्रेममधलं चित्र बाहेर काढल्याशिवाय फोटो घेऊच नये. शिल्पासाठी समोरून, बाजूने आणि तिरकस असे किमान तीन फोटो, शिवाय आकाराचा अंदाज येईल असा एक. मूळ फाइल जपून ठेवावी आणि अर्जासाठी लांब बाजू 2,000 पिक्सेलची वेगळी प्रत करावी. फाइलच्या नावात आडनाव, शीर्षक, वर्ष आणि माप असावं. माप लिहिताना आधी उंची, मग रुंदी.

नोंदवही हा दुसरा पाया. प्रत्येक कामाला क्रमांक, माध्यम, माप, वर्ष, सध्या काम कुठे आहे, कुणाला किती रुपयांना दिलं, आणि गॅलरीत ठेवलं असेल तर कोणत्या अटीवर. गॅलऱ्यांचं कमिशन साधारण एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत असतं. ते धरूनच किंमत ठरवायची आणि स्टुडिओतून विकतानाही तीच ठेवायची. घरी स्वस्त, गॅलरीत महाग असं झालं की गॅलरी पुन्हा दार उघडत नाही.

अंदाजपत्रकावर आम्ही सगळ्यात जास्त भांडतो. ‘प्रसिद्धी ₹25,000, इतर ₹10,000’ असे गोल आकडे वाचून परीक्षकाला काहीच कळत नाही. ₹60,000 च्या मागणीचा नमुना असा असू शकतो: 40 कामांचं छायाचित्रण, नग ₹450 प्रमाणे ₹18,000, पोर्टफोलिओची छपाई ₹6,000, सहा चित्रांची कॉपीराइट नोंदणी, प्रत्येकी ₹500 शुल्काने ₹3,000, नाममुद्रेसाठी (ब्रँडचं नाव किंवा चिन्ह) मालाच्या एका वर्गातला ट्रेडमार्क अर्ज, व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क ₹4,500, हिशेबनिसाचं वर्षाचं मानधन ₹9,000, पुन्हा वापरता येतील अशा दोन लाकडी पेट्या ₹11,000, वेबसाइट आणि डोमेन दोन वर्षांसाठी ₹6,000, आणि दरवाढीसाठी ₹2,500. यातले सरकारी शुल्काचे आकडे ठरलेले आहेत. बाकीच्या प्रत्येक ओळीमागे कोटेशन हवं, मोठ्या ओळीमागे दोन. चित्र साडी, मग किंवा डायरीवर छापायचं असेल तर कॉपीराइटचं शुल्क ₹500 नसून ₹2,000 असतं आणि ट्रेडमार्क कार्यालयाचं शोध-प्रमाणपत्रही जोडावं लागतं. वारली किंवा चित्रकथीवरून वस्तू बनवणाऱ्यांच्या अंदाजपत्रकात ही ओळ हमखास कमी पडते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे; तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका.

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक किरकोळ कारणांनी. कलावंत टोपणनावाने ओळखला जातो, पॅनवर एक नाव, बँक खात्यावर दुसरं, आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरं. खर्च मंजुरीच्या आधीच केलेला असतो आणि तसा खर्च बहुतेक दाते धरत नाहीत. शिफारसपत्र ‘मेहनती व गुणी’ या दोन शब्दांवर संपतं. शिफारस करणाऱ्याने या कलावंताचं कोणतं काम, कुठे, कधी पाहिलं हे त्यात हवं. उद्देशाच्या जागी जीवनचरित्र लिहिलेलं असतं. आम्ही उद्देश तीन वाक्यांत मागतो: आज काय अडतं, या पैशातून काय होईल, आणि वर्षभराने ते झालं हे कशावरून कळेल. शेवटच्या दिवशी पोर्टल मंदावतं, म्हणून अर्ज निदान तीन दिवस आधी जायला हवा.

परदेशी पैशांबाबत आम्ही फार काटेकोर आहोत. परदेशातून थेट अनुदान घ्यायचं तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आड येऊ शकतो. चित्र विकून किंवा काम करून बिलापोटी आलेली रक्कम वेगळी, अनुदान वेगळं. पत्रात ‘ग्रँट’ लिहिलंय की ‘फी’ हे पाहून, करार सही करण्याआधी सीएला दाखवायचं. पैसे खात्यात आल्यावर विचारून उपयोग नसतो.

मंजुरीनंतर अनुदानासाठी वेगळं बचत खातं उघडावं आणि सगळा खर्च यूपीआयने किंवा बँकेतून करावा. बिलावर कलावंताचं पॅनवरचंच नाव हवं. थर्मल कागदावरच्या पावत्या काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवायचा. एका ओळीतले पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर आधी दात्याला ईमेल करून लेखी होकार घ्यायचा; असा होकार बऱ्याचदा मिळतो, पण न विचारता वळवलेला खर्च अहवालात अडतो. संस्थेच्या नावे सरकारी अनुदान असेल तर सरकारी वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) 12-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामीच खर्च झाल्याचा दाखला, लागतो. त्यावर सीएची सही हवी असेल तर मार्चअखेरीस धावपळ करण्यापेक्षा फेब्रुवारीतच वेळ ठरवून घ्यावी.

आमची फी ठरावीक असते आणि ती अर्जाआधीच घेतो. मंजूर रकमेतला टक्का आम्ही कधीही घेत नाही. अनुदानाचा प्रत्येक रुपया मंजूर ओळीला बांधलेला असतो, त्यातून आमचा वाटा काढला तर हिशेबच खोटा होतो. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी अंदाजपत्रक, नोंदवही आणि उद्देशाच्या तीन वाक्यांचे मराठी नमुने आम्ही बनवले आहेत. ते विनामूल्य देतो. आता पालघरच्या वारली चित्रकारांसाठी आणि पेणच्या कारखान्यांसाठी त्यांचे वेगळे तक्ते तयार करणं चालू आहे, कारण शाडू माती, काथ्या आणि साचे यांचा खर्च कॅनव्हासच्या तक्त्यात बसत नाही.