नागपूरहून आणलेली हिंगाची डबी

आई फोनवर म्हणाली, "बाहेर काहीतरी खाऊन राहिली असशील तू. नाहीतर पोट बिघडेल काऊन?" मला रडू आलं. दीड वर्ष मी गव्हाचा कण मुद्दाम तोंडात घातला नव्हता. तरी दिवसातून सहा-सात वेळा शौचाला पळत होते आणि जिना चढताना धाप लागत होती.

सिलिॲकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते त्या आजाराचं, निदान झालं ते इथे, नेदरलँड्समधल्या द हेगमध्ये. याच शहरात विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा सिलिॲकची मुलं उलट सुधारलेली त्यांनी पाहिली. गव्हावरचा त्यांचा संशय जुनाच होता, १९५०च्या प्रबंधात त्यांनी तो मांडला. इथल्या पाकिटांवर घटकांच्या यादीत गहू ठळक अक्षरांत छापलेला असतो, त्यामुळे पथ्य सोपं जाईल असं मला वाटलं होतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी स्वयंपाकघरातला एकेक डबा टेबलावर मांडायला लावला. तिखट, हळद, गोडा मसाला, सगळं ठीक होतं. मग इतवारीतून दर खेपेला आणते ती हिंगाची डबी आली. त्यांना हिंग माहीत नव्हता, म्हणून मी मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचू लागले आणि दुसऱ्याच शब्दाला थांबले: गव्हाचं पीठ. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून बांधणी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळतात. चिमूटभरच, पण रोज दोन्ही वेळच्या फोडणीत. आणि वडाभातावर ओतलेलं हिंगाचं गरम तेल, ज्याच्यावर मी लहानाची मोठी झाले, तेही त्याच डबीतलं.

हिंग बंद केला. सहा महिन्यांनी रक्तातल्या टीटीजी अँटीबॉडी, सिलिॲकमध्ये वाढतात त्या, नॉर्मल आल्या. जुलाब मात्र थांबले नाहीत.

तेव्हा मी स्वतःवरच शंका घेऊ लागले होते. डॉक्टरांनी ती घेतली नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. ते म्हणाले, पथ्य पाळूनही ७ ते ३० टक्के रुग्णांचा त्रास सुरूच राहतो. बहुतेकांच्या बाबतीत ग्लुटेन कुठूनतरी पोटात जात असतं. ते नसेल तर दुसरं कारण शोधायचं. दुधातली साखर न पचणं, लहान आतड्यात जिवाणू वाढणं, स्वादुपिंड कमी पडणं. ज्यात आतडं पथ्याला दादच देत नाही तो रिफ्रॅक्टरी सिलिॲक खरोखर दुर्मीळ.

पुन्हा बायॉप्सी झाली, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला. लहान आतड्यातले रसांकुर, अन्न शोषणारे ते बारीक उंचवटे, चांगले भरून आले होते. मग मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. तरीही डॉक्टरांनी तुकडे घेतले, आणि उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडलं: मायक्रोस्कोपिक कोलायटिस, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा मोठ्या आतड्याचा दाह. सिलिॲकच्या रुग्णांमध्ये हा इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. ब्युडेसोनाइड हे दाह कमी करणारं औषध सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात मी ट्राममधून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले, वाटेत कुठे स्वच्छतागृह आहे हे न शोधता. हे आईला सांगताना आम्ही दोघीही रडलो.

हे सगळं आता लिहितेय, कारण गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचं हिमोग्लोबिन कमी आलं, लोहाच्या गोळ्या घेऊनही वाढेना. सिलिॲकमध्ये आतडं लोह नीट शोषत नाही, म्हणून मला शंका आली. सख्ख्या नात्यात साधारण दहातल्या एकाला सिलिॲक असू शकतो. आईने लगेच तिची पोळी बंद केली. मी रात्रीच फोन केला: तपासणी होईपर्यंत तिला पोळी खाऊ दे. गहू आधीच सोडला तर अँटीबॉडीही खाली येतात आणि बायॉप्सीही फसवते. निदान झालंच तर पुढचं सांगेन. गल्लीतल्या गिरणीत गव्हानंतर दळलेलं ज्वारीचं पीठ चालणार नाही, तिच्यासाठी घरघंटी घ्यावी लागेल, पोळपाट-लाटणं वेगळं.

आई जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "थांब, आपली हिंगाची डबी बघतो मी. चष्मा कुठं ठेवला वं माझा?"