गंगेवरची सकाळ आणि अण्णांचा वॉश

नाशकातल्या आमच्या कला मंडळाचं संमेलन डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी. दुपारी बक्षिसं आणि जेवण असायचं, पण खरी गर्दी जमायची ती सकाळी पावणेसातला, गंगेवर. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. तिथं अण्णांचं, म्हणजे आमच्या थोरल्या काकांचं, जलरंगाचं प्रात्यक्षिक असे. वा. गो. कुलकर्णींचं कलानिकेतन हे चित्रकलेचं विद्यालय आणि चित्रकार शिवाजी तुपे यांचे जलरंग यांमुळे घाटावर बोर्ड मांडून बसलेला चित्रकार या गावाला नवा नव्हता. तरी लोक कडेकडेनं पायऱ्यांवर बसून शेवटपर्यंत बघत राहत.

तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होई. चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड कागद, १५ बाय २२ इंच. तो पाच-सात मिनिटं पाण्यात बुडवायचा, एका कोपऱ्याला धरून निथळायचा, प्लायवूडवर ठेवून मधून कडांकडे ओल्या फडक्यानं बसवायचा आणि चारही बाजूंनी दोन इंची गमटेप, म्हणजे ओली केली की चिकटणारी कागदी पट्टी, लावायची. रात्रभर बोर्ड आडवाच राहिला पाहिजे. भिंतीला टेकवून उभा केला की पाणी खालच्या कडेला उतरतं, तिथली टेप ओली राहते आणि वाळताना आक्रसणारा कागद ती ओढून सोडवतो. आणखी एक काळजी म्हणजे पावसाळाभर कपाटात राहिलेला कागद. दमट हवेनं त्यावरचा, पाणी लगेच मुरू न देणारा सरसाचा थर जातो आणि आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिला की गडद ठिपके उमटतात. म्हणून अण्णा आधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकत. थेंब टिकला तर कागद चांगला. लगेच मुरला तर तो पेन्सिलच्या कामाला.

बसायची जागा पश्चिम काठावर. समोर पंचवटीच्या बाजूला १७४७ सालचं नारोशंकराचं देऊळ आणि सूर्य त्याच्या मागे. मुद्दाम प्रकाशाच्या विरुद्ध. अशा वेळी शिखरावरचं कोरीवकाम दिसेनासं होतं, उरतो एक सलग टोन, म्हणजे एकसारखा गडदपणा, आणि नवशिक्याला घडण सोडून आकार बघायची सवय लागते. मुलांना शिकवायला याहून चांगली जागा आम्हाला तरी माहीत नाही.

पेन्सिलनं रेखाटन करतानाच पायऱ्यांवरच्या सावल्यांची कड आखून घ्यायची आणि पुढे ती हलवायची नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. सावलीच्या मागे धावणाऱ्याच्या चित्रात दोन सूर्य दिसतात.

मग पहिला वॉश. बोर्डाखाली अर्धी वीट ठेवून थोडा उतार. वर कोबाल्ट ब्लू, खाली येता येता यलो ऑकर आणि गुलाबीसर लाल क्रिमसनचा नुसता भास. दीड इंची फ्लॅट ब्रश आडवा फिरवत रंगाचा ओला काठ खाली आणायचा. तो काठ तुटला की रेघ राहते. आकाश, धुकं, नदी सगळं एका दमात, फक्त पाण्यावरची चमक कोरी सोडून. पांढरा रंग पेटीत नसेच. पांढरं म्हणजे कागद.

यानंतरचं थांबणं सगळ्यांना जड जाई. मे महिन्यात पाच मिनिटांत वाळणारा वॉश डिसेंबरात नदीकाठी पंधरा मिनिटंही घेतो. चकाकी गेली म्हणजे वाळला असं नाही. चित्राबाहेरच्या कडेला बोटाची मागची बाजू लावायची. कागद गार लागला तर आत ओल आहे. त्यावर भरलेला ब्रश टेकवला की पाणी पसरतं, रंग ढकलतं आणि फुलासारखा दातेरी डाग उठतो. तो पुसू गेलं की वाढतोच.

देवळाला काळा रंग नाही. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, पॅलेटवर न घोटता कागदावरच एकमेकांत सोडलेले. कोरड्या दगडाला सिएना जास्त, ओल्या पायरीला निळा जास्त. शिखर वरून खाली आणताना पायथ्याशी स्वच्छ पाण्याचा ब्रश फिरवून धुक्यात विरवायचं. प्रतिबिंबात गडद वस्तू किंचित उजळ आणि उजळ वस्तू किंचित गडद. माणसं शेवटी, सहा नंबरच्या ब्रशनं. ज्यांचे डोळे आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतात त्यांची डोकी एका रेषेत, पाण्यात उतरलेल्यांची त्याखाली. अंघोळ करून निऱ्या झटकणारी बाई अण्णा दोन फटकाऱ्यांत उभी करत.

दुपारी शाळेच्या हॉलमध्ये मुलांची चित्रं दोरीवर लागत. अण्णांनी मुलाच्या चित्राला स्वतःचा ब्रश कधी लावला नाही. शेजारी कोरा कागद धरून त्यावर दाखवत. त्यांच्या शिकवण्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच, असं आम्हाला आजही वाटतं.

आता संमेलनात त्यांची जुनी चित्रं मांडतो. दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालून ती सपाट ठेवली, पावसाळ्यानंतर उघडून मऊ ब्रशनं बुरशी झटकली, तरी एक गोष्ट हातची गेली. क्रिमसन लेक उन्हाला टिकत नाही. बैठकीत वर्षानुवर्षं लावलेल्या संध्याकाळच्या चित्रातलं आकाश आता राखी-पिवळं दिसतं. यंदा तेच चित्र माउंट, म्हणजे भोवतीची पुठ्ठ्याची चौकट, काढून ठेवलं होतं. पुठ्ठ्याखाली झाकलेल्या पाव इंचाच्या पट्टीत चारही कडांना गुलाबी रंग जसाच्या तसा आहे.