संवेदना नाही, तरी दुखतं

“पायांना काही कळत नाही ना, मग दुखतं कसं?” हे मला सगळ्यांनी विचारून झालंय. एका डॉक्टरांनीसुद्धा.

माझी मज्जारज्जूची इजा टी-१० पातळीची, म्हणजे साधारण बेंबीच्या रेषेत. त्याखाली टाचणी टोचली तरी पत्ता लागत नाही. पण रात्री तळपाय असे भाजून निघतात की झोप उडते. पायांना झालेलं काहीच नसतं. पायांकडून मेंदूकडे जाणारी संदेशांची वाट तुटल्यावर मज्जारज्जूतल्या आणि मेंदूतल्या चेतापेशी स्वतःहूनच संदेश पेटवत बसतात. ही इजेच्या खालची चेतावेदना. अनेकांना ती अपघातानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी सुरू होते. इजेच्या पातळीवरची वेगळी: बेंबीभोवती कुणीतरी पट्टा करकचून आवळल्यासारखी. ती बहुधा लवकर येते.

खांद्यांचं दुखणं मात्र अगदी सरळसोट. व्हीलचेअर ढकलायची, पलंगावरून खुर्चीत अंग उचलायचं, सगळा भार त्यांच्यावरच. हे स्नायू-सांध्यांचं दुखणं, इथे व्यायाम आणि खुर्चीची मापं नीट करून घेणं कामाला येतं. पोटातलं दुखणं उगाच अस्पष्ट असतं. बद्धकोष्ठ की मूत्राशय, ते शोधत बसा.

हे प्रकार ओळखायचे कारण औषधं वेगळी. भाजणाऱ्या पायांवर साध्या वेदनाशामक गोळीचा फारसा उपयोग होत नाही. तिथे प्रीगॅबलिन, गॅबापेन्टिन अशी औषधं देतात. मला त्यांनी आग कमी होते, थांबत नाही. गुंगी येते ती वेगळीच.