पॅनेल झाकलं आणि करंट वाढला

काकांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "नौकेवरची दोन सौर पॅनेल मिळून साडेतीनशे वॅट होतात. तीस अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर पुरेल ना?" मी म्हणाले, पुरेल. कंट्रोलर पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देतो, आणि एमपीपीटी प्रकारचा पॅनेलमधून जास्तीत जास्त वॅट निघतील ते व्होल्टेज शोधतो. ३५० वॅट भागिले बॅटरीचे १३ व्होल्ट म्हणजे साधारण २७ अँपिअर, हिशोबात काही चूक नव्हती. त्यांनी तो कंट्रोलर घेतला, बसवला, आणि आठ दिवसांनी पुन्हा फोन आला. आवाज पार उतरलेला. "जुना साधा पीडब्ल्यूएम होता तेव्हा बॅटरी यापेक्षा बरी भरायची."

मी शिडाच्या नौकांवर विजेची कामं करते. पीडब्ल्यूएम पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर चालवतो, म्हणून एमपीपीटीने त्याहून जास्त द्यायला हवं. एमपीपीटी लावून चार्जिंग कमी झाल्याचं ऐकलं की माझा पहिला संशय ढिल्या जोडणीवर जातो. त्या दिवशीही तोच होता. म्हणून वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, मल्टिमीटर, हत्यारं आणि चाचणीसाठी ठेवलेला पंधरा अँपिअरचा छोटा कंट्रोलर घेऊन सकाळी साडेआठला छोट्या होडीतून त्यांच्या नौकेवर चढले. अकरा मीटरची नौका, खाडीत नांगरलेली, बारा व्होल्टची यंत्रणा. मागच्या कमानीवर १७५ वॅटची दोन पॅनेल, एक डावीकडे, एक उजवीकडे. काका-काकू दोघंच राहतात आणि काही महिन्यांत लांबच्या प्रवासाला निघणार होते. रात्रभर फ्रिज आणि दिवे चालून पहाटे बॅटरी १२.१ व्होल्टवर आलेली असायची.

जोडण्या सगळ्या घट्ट निघाल्या. दोन्ही पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडली होती. तसं केलं की व्होल्टेज दुप्पट होतं, करंट एका पॅनेलएवढाच राहतो आणि वायरमधली गळती कमी होते. हे खरं आहे, आणि काकांनी ते नीट वाचून केलं होतं. एका पॅनेलचं उघड्या सर्किटचं व्होल्टेज २३, दोघांचं ४६. थंडीत ते आणखी वाढतं, उणे पाच अंशाला पन्नासवर जातं, त्यामुळे पन्नास व्होल्टचा कंट्रोलर इथे जळाला असता. त्यांचा शंभर व्होल्टचा होता. इथवर सगळं बरोबर.

दहाच्या सुमारास ऊन चांगलं तापलं होतं. वारा समोरून होता, म्हणून नौका नांगरावर वाऱ्याकडे तोंड करून उभी. आणि बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, त्यावर घडी घालून बांधलेल्या शिडासकट, डाव्या पॅनेलवर रुंदीतून आडवा, हातभर जाड सावलीचा पट्टा टाकत होता. उजवं पॅनेल लख्ख उन्हात. बॅटरीकडे जाणाऱ्या वायरला क्लॅम्प लावला, ३.३ अँपिअर. कंट्रोलरच्या पडद्यावर पॅनेलचं व्होल्टेज ३७.

त्या ३७ वर माझी नजर अडकली. उन्हातलं एकटं पॅनेल त्या वेळी साडेसहा अँपिअर सहज देऊ शकत होतं. पण सिरीजमध्ये एकच करंट दोघांतून वाहतो, आणि सावलीतल्या सेलना, म्हणजे पॅनेलमधल्या छोट्या सौर चकत्यांना, आभाळाचा पसरलेला उजेड तेवढा मिळत होता, त्यावर जेमतेम सव्वा अँपिअर निघतो. कंट्रोलर दोन्ही पॅनेलचं व्होल्टेज धरून त्या सव्वा अँपिअरवर समाधान मानून बसला होता.

मी काकूंकडे जाड टॉवेल मागितला, दोन पदरी केला आणि सावलीतलं ते पॅनेल पूर्ण झाकून टाकलं.

"अहो, आहे ते पण बंद करताय," काका म्हणाले. क्लॅम्प मीटर त्यांच्याच हातात होता. काही सेकंदांत आकडा हलला. चार, सहा, ८.४. कंट्रोलरवर पॅनेलचं व्होल्टेज १७ झालं. काकांनी मीटर काढून पुन्हा लावून पाहिला.

पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात. छत्तीस सेलच्या पॅनेलमध्ये बहुतेक दोन, अठरा-अठरा सेलच्या गटाला एकेक. गटातला एखादा सेल अंधारात गेला की करंटला तिथून वळसा मिळतो, पण तो कंट्रोलरने व्होल्टेज खाली उतरवलं तरच. अर्धवट सावलीत जास्तीत जास्त वॅटच्या जागा दोन तयार होतात, एक वरच्या व्होल्टेजवर लहान टेकाड आणि दुसरं खालच्या व्होल्टेजवर मोठं. काही कंट्रोलर ठरावीक वेळाने व्होल्टेजचा सगळा पल्ला तपासून मोठं टेकाड शोधतात. हा तसा नव्हता, जवळचं टेकाड धरून बसायचा. टॉवेलने ते लहान टेकाडच पुसलं गेलं. टॉवेल काढल्यावरही तो १७ व्होल्टवर टिकून राहिला, मग एक ढग येऊन गेला आणि स्वारी पुन्हा ३७ वर, ३.३ अँपिअर. नवा कंट्रोलर निवडताना अँपिअरइतकंच हेही विचारायला हवं, की अर्धवट सावलीत तो काय करतो.

सावली सरकायच्या आत आणखी दोन चाचण्या घेतल्या. दोन्ही पॅनेल पॅरललमध्ये, म्हणजे अधिक अधिकला आणि उणे उण्याला जोडून त्यांच्याच कंट्रोलरवर, ९.७ अँपिअर. मग उजवं त्यांच्या कंट्रोलरवर आणि डावं माझ्या छोट्यावर, मिळून १०.३. या दोन आकड्यांत फारसा फरक नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. पॅनेल मोठी असती, साठ सेलची, तीन गटांची, तर गोष्ट बदलली असती. त्यांचा एक गट बाद झाला तरी उरलेले वीस व्होल्ट बारा व्होल्टच्या बॅटरीला पुरतात. छत्तीस सेलच्या पॅनेलचा एक गट गेला की उरतात नऊ, आणि नऊ व्होल्टने ही बॅटरी भरत नाही. सावली लांबीतून पडून एकच गट झाकणार असेल तर सिरीजच बरी, कारण शेजारच्या पॅनेलच्या व्होल्टेजला तेवढे नऊ जोडले जातात. म्हणून कमानीखाली बसून सावली पाहिल्याशिवाय मी आता सिरीज की पॅरलल हे सांगत नाही. फोनवर मी तेवढंच विचारलं नव्हतं.

दुपारी पॅनेलवर सावली नव्हती, म्हणून तुलनेसाठी सिरीज पूर्ववत केली. तरी वीसच्या वर जायला हवा होता तो करंट सतराला अडला. कंट्रोलरच्या टोकांवर १४.४ व्होल्ट, बॅटरीच्या टोकांवर १३.२. मधे आठ मीटर लांब, चार चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन सोळा मीटर. हाताला कोमट लागत होती. कंट्रोलर वर, कमानीजवळच्या कप्प्यात होता. म्हणजे सिरीजचा फायदा मिळाला पॅनेलपासूनच्या दीड मीटर वायरला, आणि सगळा जड करंट गेला त्या लांब, बारीक वायरमधून. कंट्रोलरला वाटायचं बॅटरी भरत आली, म्हणून तो हात आखडायचा. जुना कंट्रोलरही तिथेच होता. लीड-अ‍ॅसिड बॅटरी अशी रोज थोडी उपाशी ठेवली की तिच्या प्लेटांवर सल्फेट साचून घट्ट होतं आणि क्षमता कायमची जाते. दोन वर्षांत त्यांनी बॅटऱ्या एकदा बदलल्या होत्या. काकू हे ऐकून बराच वेळ गप्प होत्या.

काकांना वाटत होतं की आता घेतलेला कंट्रोलर वाया गेला. तसं नव्हतं. कंट्रोलर मोठा असल्याने बिघडत नाही, पॅनेल देईल तेवढंच तो घेतो. मी सुचवलं की तीस अँपिअरचा एका पॅनेलला ठेवा आणि दुसऱ्याला पंधरा अँपिअरचा नवा घ्या. किनाऱ्याजवळच राहणार असतात तर पॅरललवर भागवा म्हटलं असतं. पण भर समुद्रात एकुलता एक कंट्रोलर बंद पडला तर रात्रीचे दिवे आणि रेडिओ दोन्ही धोक्यात येतात. दोन असले की छोटा गेला तर मोठा दोन्ही पॅनेल पॅरललमध्ये सांभाळतो, आणि मोठा गेला तर निदान एक पॅनेल चालू राहतं.

पुढच्या आठवड्यात काम केलं. दोन्ही कंट्रोलर खाली, बॅटरीपासून मीटरभर अंतरावर, पण बॅटरीच्या डोक्यावर नाही, कारण तिथे वायू आणि आम्लाची वाफ येते. उभे बसवले, वर-खाली हवेला जागा सोडून. कल्हई केलेल्या तांब्याच्या सहा चौरस मिलिमीटरच्या नव्या वायरी, प्रत्येक पॅनेलची जोडी वेगळी, आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाला. होकायंत्राजवळून जाताना जाणारी-येणारी वायर एकमेकींना पीळ देऊन नेली, नाहीतर करंटच्या चुंबकत्वाने सुई हलते. प्रवासाआधी लिथियम बॅटरी येणार आहे, तेव्हा दोन्हींत बदलायचं ते कागदावर लिहून कप्प्याच्या दारावर चिकटवलं: तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलणं बंद, इक्वलायझेशन (लीड-अ‍ॅसिडला अधूनमधून मुद्दाम दिलेलं जास्त व्होल्टेज) बंद, शून्याखाली चार्जिंग नाही, दोन्हींचे आकडे अगदी सारखे. जोडताना आधी बॅटरी मग पॅनेल, काढताना उलट.

शेवटी व्हीएचएफ रेडिओ सोळा नंबरच्या चॅनेलवर लावला, स्क्वेल्च, म्हणजे क्षीण आवाज गाळणारी पातळी, पूर्ण खाली आणला आणि कंट्रोलर एकेक करून चालू-बंद केले. एमपीपीटीच्या आत स्विचिंग चालतं, त्याचा गोंगाट कधी कधी रेडिओत शिरून दूरचा क्षीण आवाज दाबून टाकतो. मदतीची हाक याच चॅनेलवर येते, म्हणून ही चाचणी मी कधीच सोडत नाही. छोट्याने हलकी खरखर केली, वायरीवर फेराइटची कडी बसवल्यावर ती गेली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सावली पुन्हा डाव्या पॅनेलवर आली. काकूंनी वहीत लिहिलं, उजवं ८.९, डावं १.६. मग वही बाजूला ठेवून त्यांनी बूमच्या टोकाला दोर बांधला आणि तो ओढून बाजूला नेला. सावली पॅनेलवरून उतरून पाण्यावर गेली. डाव्याचा आकडा ८.७ झाला. त्यांनी १.६ तसाच ठेवून त्याच्या शेजारी तो लिहिला.